रेघ फुकट

माएस्त्रो इलारिओन म्हणतात, हनुवटीखाली तळहात धर
आणि शब्द सावकाश बोल.
जितक्यांदा हनुवटी हातावर टेकेल, तितके तुकडे.
पा-ना-दे-रो. चार.
पाव भाजणारा माणूस चार घासांत संपतो.

आरेकिपात, कबरस्तानामागच्या गल्लीत आमचं दुकान.
दगड पांढरा, ज्वालामुखीचा, सियार म्हणतात त्याला;
इतका मऊ की चूकही सुबक उतरते.
पाटी अरुंद, माणसांची नावं लांब,
म्हणून ओळ संपेल तिथं शब्द तोडावा लागतो,
आणि तो कुठंही तोडून चालत नाही.
पहिल्याच महिन्यात मी 'काये' तोडला.
काये म्हणजे गल्ली. जुळ्या एलच्या बरोब्बर मधे घाव घातला.
माएस्त्रो ओरडले नाहीत. पाटी उचलली
आणि वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून दाराशी टेकवून ठेवली.
अजून रोज तिला ओलांडूनच आत जाते मी.

स्वरांचं त्यांनी जेवताना शिकवलं, उकडलेलं कणीस सोलत.
आ, ए, ओ दांडगे. दोन दांडगे एका घरात नांदत नाहीत.
मा-एस-त्रो, बघ, मीच दुभंगलेला आहे.
इ आणि उ नाजूक, पोटभाडेकरू,
दुसऱ्याच्या खोलीत अंग चोरून झोपतात.
पण आघात नाजुकावरच आला
तर तो उठतो, डोक्यावर रेघ घेतो, वेगळी चूल मांडतो.
दी-आ. दिवस.
एवढं बोलून कणसाचा बुडखा कोंबडीपुढे टाकला.

परवा दोन्या उबाल्दिना आली.
वहीच्या कागदावर पेन्सिलीनं मजकूर:
सोसिमो वामानी. पानादेरो. तारखा.
शेवटी एकच शब्द, आमो.
अक्षरामागे चार सोल, मी हिशेब केला, रेघ फुकट.
सोसिमोवर एक, पहिल्याच 'सो'च्या डोक्यावर.
वामानीवर एक, शेवटी.
लोक म्हणतात, मोठ्या अक्षरांना रेघ लागत नाही.
माएस्त्रो म्हणतात, मोठेपणा आला म्हणून उच्चार सुटतो का?

आमोवर तिसरी. जोर शेवटी पडला
की अर्थ होतो: त्यानं प्रेम केलं.
केलं, आणि झालं.
कोळशानं आखून घेतलं, छिन्नी टेकवली,
तेवढ्यात ती म्हणाली, थांब, ती नको.
फुकट असते, मी म्हटलं.
माहीत आहे.

तिचा दीर शाळामास्तर. तो पुढे सरसावला.
वहिनी, रेघ नसली तर जोर 'आ'वर येतो, अर्थच फिरतो:
मी प्रेम करते! कर्ता बदलला, काळ बदलला,
शिवाय आमो म्हणजे मालकसुद्धा. लोक काय वाचतील?
मालक! ती हसली. भट्टी तेवढी होती, तीही भाड्याची.
मग शालीचं टोक चाचपत म्हणाली,
व्याकरण बरोबर आहे तुमचं, भावजी.
आणि पैसे मोजायला लागली.

मी माएस्त्रोंकडे पाहिलं. चाळीस वर्षांत
एक रेघ गाळली नाही या माणसानं,
चोराच्या दगडावरचीही नाही.
त्यांनी हनुवटीखाली हात धरला.
ओठ हलले. आ. मो.
एकदा जड टेकली, एकदा हलकी.
मग म्हणाले, चूक कुठं आहे?
आणि कोळशाची खूण स्वतःच्या अंगठ्यानं पुसली.

सियारवरून कोळसा पुरता जात नाही.
वाकून पाहिलं तर 'मो'च्या वर
तिरकी करडी सावली आहे अजून.
इथं पाऊस थोडा. राहील काही वर्षं.